पटावरची नावे

मे महिन्याचे अखेरचे दिवस. वळवाच्या दोन-तीन सरींनी बेंगळुरूची हवा निवलेली असते. शाळा उघडायला अजून अवकाश असतो, तरी सरकारी प्राथमिक शाळेच्या शिक्षिका घराबाहेर पडलेल्या दिसतात. हातात एक लांबट वही, सोबत शाळा समितीवरची एखादी पालक स्त्री, आणि पायांखाली शहराच्या अरुंद गल्ल्या. प्रत्येक दारापाशी त्या थांबतात आणि एकच प्रश्न विचारतात : “सहा वर्षांचे मूल आहे का घरात?” कर्नाटकात या उपक्रमाला ‘दाखलाती आंदोलन’ म्हणतात. दाखलाती म्हणजे प्रवेश. मूल पटावर यावे म्हणून केलेली ही चळवळ होय.

शाळेने मुलाच्या दारी जावे, ही गोष्ट जुन्या काळच्या पंतोजींना चमत्कारिक वाटली असती. त्या काळी मुलाला पाटीवर बसवण्यासाठी वडील माणूस नारळ-सुपारी घेऊन पंतोजींच्या ओटीवर जाई, आणि ज्यांच्या हाती नारळही नव्हता त्यांच्या मुलांचा कोणी विचारच करीत नसे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके याच मुलांकडे बोट दाखवले होते. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि त्यातून मिळणारे शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जाते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. पुढे १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानातील अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. म्हैसूर संस्थानाने १९१३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तर करवीरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या राज्यात मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू केले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने दहा वर्षांची मुदत घातली. ती मुदत कधीच उलटून गेली. अखेर २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजले तर सव्वाशेहून अधिक वर्षांची ही वाटचाल आहे. आज त्या वाटेच्या टोकाला वही घेतलेली शिक्षिका उभी आहे. आणि तिच्या शाळेत बाके रिकामी आहेत.

हे कसे झाले?

कर्नाटकात पहिली ते पाचवीच्या शाळेला ‘किरिय प्राथमिक शाले’, म्हणजे धाकटी प्राथमिक शाळा, असे नाव आहे. तिचे जगणे-मरणे एका आकड्यावर अवलंबून असते. तो आकडा म्हणजे पटसंख्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन आणि एकशे वीसपर्यंत चार शिक्षक मिळतात. एकसष्टावे मूल आले तर एक शिक्षक वाढतो. तेच मूल शेजारच्या खासगी शाळेत गेले तर एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे जातो. दोन शिक्षक आणि पाच वर्ग, हा हिशेब कागदावर जमतो. प्रत्यक्षात मात्र एक शिक्षिका एकाच खोलीत पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला लावते, तिसरीच्या मुलीची वजाबाकी तपासते आणि मध्येच कार्यालयाने मागवलेली माहिती भरते. पालक हे पाहतात. पुढच्या जूनमध्ये आणखी चार मुले कमी होतात. मुले कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून मुले कमी, असा हा रहाट फिरत राहतो. आणि एके दिवशी ‘जवळच्या शाळेत विलीन’ असा शेरा पडून दाराला कुलूप लागते.

या आकड्याची दुसरीही बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. ज्या आकड्यावर नोकरी आणि अनुदान टांगलेले असते, तो आकडा फुगवण्याचा मोह होतो. महाराष्ट्रात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर असलेली पण वर्गात कधीच नसलेली असंख्य नावे उघडकीस आली होती. पटावरचे नाव आणि बाकावरचे मूल यांत अंतर असू शकते, हे त्या तीन दिवसांनी सगळ्यांना दाखवून दिले. बाकावरचे मूल आणि वाचू शकणारे मूल यांतही तसेच अंतर असते, आणि ते मोजायला तीन दिवस पुरत नाहीत.

बेंगळुरूच्या पालकांनी सरकारी शाळेकडे पाठ का फिरवली, याचे पहिले उत्तर कोणत्याही गल्लीत मिळते : इंग्रजी. कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून देण्याचे धोरण जाहीर केले. खासगी शाळा न्यायालयात गेल्या. दरम्यान, कन्नड माध्यमाची परवानगी घेऊन इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळा गल्लोगल्ली निघाल्या. २००६ साली सरकारने अशा दोन हजारांहून अधिक शाळांची मान्यता काढण्याचा बडगा उगारला, तेव्हा खळबळ माजली. शेवटी मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. तोवर सरकारनेही वारा ओळखला होता. २००७ पासून सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला, आणि २०१९ मध्ये एक हजार सरकारी शाळांतून इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघाले. कन्नड साहित्यिकांनी त्याला कडाडून विरोध केला; पालकांनी मात्र प्रवेशासाठी रांगा लावल्या.

येथे पालकाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. कापड कारखान्यात दिवसभर शिलाई यंत्रावर बसणारी आई आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा फीसाठी देते, ती काही हौस म्हणून नव्हे. ज्या शहरात इंग्रजी बोलणारा वातानुकूलित खोलीत बसतो आणि न बोलणारा त्या खोलीची फरशी पुसतो, त्या शहराने तिला दिलेला हा धडा आहे. मूल मातृभाषेतून लवकर आणि नीट शिकते, हे शिक्षणतज्ज्ञांचे म्हणणे खरे आहे. पण ते म्हणणाऱ्या बहुतेकांची मुले कोठे शिकतात, हेही ती पाहत असते.

दुसरे कारण कायद्यातच होते. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवल्या आणि त्यांची फी सरकारने भरायची, असे ठरवले. हेतू उदात्त होता. कर्नाटकात २०१२ पासून हजारो गरीब मुले या वाटेने खासगी शाळांत गेली, आणि सरकारच्याच पैशाने सरकारी शाळा ओस पडू लागली, अशी तक्रार सुरू झाली. २०१९ पासून राज्याने नियम बदलला. घराजवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेतील राखीव जागा मिळणार नाही, असे झाले. उच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. वाट बंद झाली खरी. पण वाट बंद केल्याने शाळा चांगली होते, असे मात्र नव्हे.

आता प्रश्न असा की, या शाळांत येते तरी कोण? शहराच्या जुन्या पेठांतील शाळा बघता बघता रोडावल्या, कारण तेथील कुटुंबेच दूर गेली किंवा वर चढली. कडेचे चित्र निराळे आहे. २००७ साली बृहत् बेंगळुरू महानगरपालिका झाली, तेव्हा एकशे दहा गावे शहरात आली. व्हाइटफिल्ड, सर्जापूर रस्ता या भागांत त्या गावांची हद्द आता काचेच्या इमारतींमध्ये हरवली आहे. जमिनीला भाव आला, तशी मूळच्या शेतकऱ्यांची मुले पिवळ्या बसमधून खासगी शाळांत जाऊ लागली. गावची कौलारू शाळा मात्र राहिली, आणि तिच्या बाकांवर निळ्या ताडपत्रीखाली राहणाऱ्या कुटुंबांची मुले येऊन बसली. यादगीर, रायचूर, कलबुर्गीकडून बांधकामावर आलेल्यांची. आंध्र आणि तामिळनाडूतून आलेल्यांची. बिहार, ओडिशा, बंगाल, नेपाळमधून आलेल्या रखवालदारांची आणि घरकाम करणाऱ्या बायांची. एका वर्गात पाच-सहा भाषा. रायचूरच्या मुलाची कन्नडसुद्धा पुस्तकातल्या कन्नडहून वेगळी. तो घरचा शब्द बोलतो आणि वर्ग हसतो.

मराठी माणसाला हे दृश्य परके वाटू नये. १६३८ मध्ये शहाजीराजांनी बेंगळुरू आपल्या जहागिरीचे ठिकाण केले, तेव्हापासून या शहरात मराठी बोलणारी घराणी आहेत. अलीकडच्या काळात सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागातून सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पसरले, तसे ते येथल्या पेठेतही आले. दुष्काळी माळावरून उठून परमुलखात बस्तान बसवणाऱ्या या कुटुंबांतील मूल घरी मराठी, गल्लीत तमिळ किंवा उर्दू आणि शाळेत कन्नड ऐकते. ‘आई’ या शब्दाचे पहिले अक्षर त्याला ठाऊक असते. पण फळ्यावर ते दुसऱ्याच वळणाने लिहिलेले असते.

अशा वर्गात शिकवायचे कसे, याचे एक उत्तर कर्नाटकातच सापडले होते. ती हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील काही प्राथमिक शिक्षक आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील लहान लहान ग्रामीण शाळा पाहायला गेले. तेथे निरनिराळ्या इयत्तांची मुले एकाच खोलीत आपापल्या गतीने शिकत होती. परत येऊन शिक्षकांनी युनिसेफच्या साहाय्याने आपल्या मुलांसाठी तशीच पद्धत घडवली. तिला नाव दिले ‘नलि-कलि’, म्हणजे आनंदाने बागडत शिका. २००९ पासून ती राज्यातील सरकारी कन्नड शाळांच्या पहिल्या इयत्तांत लागू झाली.

नलि-कलीच्या वर्गात गेले की प्रथम जाणवते ते हे की, तेथे समोर तोंड करून बसलेल्या रांगा नाहीत. मुले जमिनीवर गोलाकार बसतात. डोक्यावर दोऱ्यांचा मांडव असतो आणि त्याला मुलांनी केलेली चित्रे, कागदी पाने-फुले लोंबत असतात. भिंतीचा खालचा पट्टा काळा रंगवलेला, आणि त्यावर प्रत्येक मुलाचा आपला चौकोन. मोठ्यांच्या उंचीच्या फळ्यापाशी टाचा उंचावण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. पाठ्यपुस्तकाच्या जागी कार्डे असतात, त्यांवर पशुपक्ष्यांची, फळाफुलांची चिन्हे. भिंतीवर शिक्षणाची शिडी टांगलेली असते. मूल शिडीवर आपली पायरी शोधते, तिच्यावरच्या चिन्हाचे कार्ड उचलते आणि त्या चिन्हाच्या गटात जाऊन बसते. एका गटाला शिक्षिका शिकवते, दुसऱ्याला ती थोडीच मदत करते, तिसऱ्या गटात मुले एकमेकांना सांगतात आणि चौथ्यात ज्याचे त्याने करायचे असते. महिनाभर गावी जाऊन आलेले मूल परत येते, तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला नसतो. त्याची पायरी होती तेथेच त्याची वाट पाहत असते. स्थलांतर करणाऱ्या मजुराच्या मुलासाठी याहून सोयीची योजना सुचणे कठीण.

पण चांगली योजनाही माणसांवाचून पांगळी होते. कार्डे फाटतात, वेळेवर नवी येत नाहीत. तीस मुलांसाठी आखलेल्या पद्धतीत तीन इयत्ता एका शिक्षिकेकडे येतात आणि ती रजेवर गेली की शिडी नुसती भिंतीवर राहते. काही पालकांना तर हा सारा खेळच वाटतो. “पाठीवर दप्तर नाही, हातात पुस्तक नाही, ही कसली शाळा?” असे ते विचारतात आणि शेजारच्या खासगी बालवर्गात मूल घालतात. तेथे ते इंग्रजी कविता अर्थ न कळता घडाघडा म्हणू लागते, आणि घरच्यांना धन्य वाटते.

मूल शाळेत टिकण्यात अन्नाचा वाटा किती मोठा, हे या शहराने जवळून पाहिले आहे. जून २००० मध्ये अक्षय पात्र या संस्थेने बेंगळुरूतील पाच शाळांतील दीड हजार मुलांना दुपारचे जेवण देण्यास आरंभ केला. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात तोवर मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळत, त्याची खिचडी नंतर झाली. कर्नाटकाने आपल्या योजनेला ‘अक्षर दासोह’ हे सुरेख नाव दिले. दासोह हा बाराव्या शतकातील शिवशरणांच्या परंपरेतला शब्द. अन्न वाटणे ही तेथे कृपा नसून कर्तव्य असते. २०१३ पासून दूध आले. आता सहाही दिवस अंडे मिळते. न खाणाऱ्यास केळे. जेवणासाठी मुले शाळेत येतात, असे कोणी नाक मुरडून म्हणते, तेव्हा त्याला विचारावे की, मग त्यात वाईट ते काय? उपाशी पोटी पाढे पाठ होत नाहीत, हे ज्यांनी उपाशी पोटी पाढे म्हटले आहेत ते जाणतात.

आता गुणवत्तेविषयी. सरकारी शाळेतील मुलांना वाचता येत नाही, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्यातील दुःख बोथट झाले आहे. ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून देशातील खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण सरकारी शाळांतील तिसरीची सुमारे तेवीस टक्के मुलेच तो उतारा वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण सोळा टक्क्यांवर आले होते, हे लक्षात घेतले तर सुधारणा दिसते. तरी चारांपैकी तीन मुले मागेच आहेत. ही पाहणी खेड्यांपुरती असते. महानगरातील ताडपत्रीखालच्या मुलाच्या दारी ती येत नाही.

मधल्या घसरणीचे कारण सर्वांना ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि कर्नाटकातील पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. सहा वर्षांच्या मुलासाठी दीड वर्ष म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा. बेंगळुरूच्याच अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील सोळा हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. त्यांतील बाण्णव टक्के मुले भाषेतील किमान एक कौशल्य विसरली होती. गणितात हे प्रमाण ब्याऐंशी टक्के होते. न शिकणे एक आणि शिकलेले विसरणे दुसरे. दुसऱ्यात मुलाचा स्वतःवरचा विश्वासही जातो. त्याच काळात काम गेलेल्या पालकांनी खासगी शाळांतून मुले काढून सरकारी शाळेत घातली. पट अचानक फुगले. सरकारने २०२२-२३ हे वर्ष ‘कलिका चेतरिके’, म्हणजे शिकण्याची भरपाई, यासाठी दिले. हाती पुन्हा पैसा खेळू लागताच त्यांतली बरीच मुले परत गेली. खेड्यांविषयीच्या आकड्यांत हे ठळक दिसते : सरकारी शाळेतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे सहासष्ट टक्के होते, २०२२ मध्ये ते त्र्याहत्तर झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा सदुसष्टवर आले. सरकारी शाळा ही अडीअडचणीची धर्मशाळा होऊ नये, एवढी अपेक्षा करणे फार नाही.

खासगी शाळेचे मूल अधिक वाचते, हेही आकडे सांगतात. परंतु त्या मुलाची आई बहुधा शिकलेली असते, घरी दिवा असतो, संध्याकाळी शिकवणी असते. जी शाळा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला घेऊन त्याला परक्या भाषेतील अर्धे पान वाचायला शिकवते, तिने किती काम केले हे वर्षअखेरीच्या गुणांवरून कळत नाही. मूल आले तेव्हा कोठे होते आणि निघाले तेव्हा कोठे आहे, एवढे पाहिले तर कळेल. अर्थात या युक्तिवादाच्या आडोशाला बसून जे शिकवतच नाहीत, त्यांची गय करण्याचे कारण नाही. त्या शिक्षकांना मुलेही ओळखून असतात.

२००१ मध्ये कर्नाटकाने प्रत्येक शाळेला पालकांची समिती दिली. तीत पालक निवडून येतात. बैठकीत पहिल्यांदा बोलताना साडीचा पदर बोटाला गुंडाळणारी बाई दुसऱ्या वर्षी नळाला पाणी का नाही, गणिताच्या साहित्याची पेटी कपाटात कुलुपबंद का, असे विचारू लागते. तिला स्वतःला सही करता येत नसते, आणि इतिवृत्तावर अंगठा उठवताना तिची नजर वरच्या ओळींवरून फिरत असते.

एप्रिलमध्ये अनेक इमारतींची कामे पुरी होतात. ताडपत्र्या गुंडाळल्या जातात आणि टेम्पोत भांड्यांच्या बोचक्यावर मुले बसतात. कायदा अशा मुलाच्या बाजूने पुष्कळ बोलतो. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी तत्काळ द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला तरी नव्या शाळेने मुलाला बाहेर ठेवायचे नसते. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही घ्यावेच लागते. टेम्पोत बसणाऱ्या बापाला यांतले काही ठाऊक नसते. म्हणून जाणती शिक्षिका निघायच्या आदल्या दिवशी दाखला तयार ठेवते, त्याला मुलाच्या प्रगतीचा कागद टाचते आणि त्यावर शिडीची कोणती पायरी झाली, कोणते कार्ड पुढचे, हे लाल शाईने लिहिते. नव्या गावचे नाव विचारून ती हजेरीपटाच्या शेऱ्याच्या रकान्यात नोंदवते. कित्येकदा बापालाच ते माहीत नसते. “मेस्त्री नेईल तिकडे,” असे तो सांगतो. तेवढेच ती लिहून ठेवते.